पिठीची ओळख

नव्या नोकरीत पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून स्वतःची ओळख करून द्यावी लागते, हे आत्याला कुठून तरी कळलं आणि रविवारी सकाळपासून तिने पिठीची तालीम सुरू केली.

“आधी नाव. मग शिक्षण. मग बालपण, पण थोडक्यात. शेवटी छंद,” आत्या म्हणाली. “छंद काय सांगशील?”

“खरे सांगू?”

“छे! खरे कशाला? चांगले सांग. वाचन, संगीत आणि प्रवास.”

“पण मी प्रवास कुठे केलाय, आत्या? गावाहून इथे आले तेवढाच. त्यातही बस लागली मला.”

“आवड आहे एवढंच सांगायचंय. किती केला ते कोण विचारतंय?”

“आणि गावाबद्दल काय सांगू?”

आत्याचा चेहरा जरा आखडला. पिठीचे वडील म्हणजे आत्याचा सख्खा मोठा भाऊ. गावात त्यांची पिठाची गिरणी होती आणि आत्या स्वतःही त्याच गिरणीत लहानाची मोठी झाली होती. पण लग्न होऊन शहरात आल्यापासून तिने शेजारीपाजारी ‘माझ्या माहेरी अन्नप्रक्रियेचा उद्योग आहे’ असं सांगून ठेवलं होतं.

“गावाबद्दल म्हणायचं, ‘माझं बालपण निसर्गाच्या सान्निध्यात गेलं.’ बस्स. आणि ते पिठी-बिठी नाव तिथे काढायचं नाही.”

पिठी हे नाव गावाने ठेवलेलं. शाळा सुटली की ती गिरणीत जाऊन बसायची आणि संध्याकाळी बाहेर पडायची ती केस, भुवया, पापण्या सगळं पांढरं करून. एकदा परगावच्या एका पाहुण्याने तिला “आजी, जरा पत्ता सांगता का?” असं विचारलं होतं. तेव्हा ती दुसरीत होती.

संध्याकाळपर्यंत तिचं पाठांतर चोख झालं. शेवटच्या वेळी तर ती ‘सान्निध्यात’ हा शब्द न अडखळता म्हणाली. आत्याने समाधानाने पंखा लावला आणि आडवी झाली.

कंपनी काचेच्या खिडक्या आणि दरवाजे बनवायची. मागे कारखाना, पुढे ऑफिस. आलेल्या गिऱ्हाइकाला माल तिथल्या तिथे बघायला मिळावा म्हणून मोठ्या साहेबांनी ऑफिसातल्या भिंतीही काचेच्याच केल्या होत्या. ही काच साधीसुधी नव्हती. तिच्यातून सगळं लख्ख दिसायचं, पण आवाज म्हणून पलीकडे जायचा नाही. कुणी नवीन माणूस आला की साहेब त्याला काचेच्या खोलीत उभं करायचे, स्वतः बाहेर जाऊन जोरजोरात टाळ्या वाजवायचे आणि आत येऊन विचारायचे, “काही ऐकू आलं?” समोरचा “नाही” म्हणाला की त्यांना अगदी भरून यायचं.

या काचेच्या जिवावर ऑफिसातली माणसं वर्षानुवर्षं निर्धास्त बोलत आली होती. आपापल्या खोलीचं दार लावायचं आणि मनाला येईल ते बोलायचं. साहेब चार हातांवर उभे असले तरी हसून त्यांच्याबद्दलच बोलायचं.

पिठीला पुढचं टेबल मिळालं होतं. फोन घ्यायचे, आल्यागेल्याला बसवायचं, पाणी विचारायचं. सोमवारी सकाळी मीटिंगच्या खोलीत सगळा स्टाफ जमला. नवीन माणसं चौघं होती आणि पिठीची पाळी शेवटची.

पहिला उठला. “माझं बालपण निसर्गाच्या सान्निध्यात गेलं,” तो म्हणाला. “मला वाचन, संगीत आणि प्रवासाची आवड आहे.”

पिठी दचकली.

दुसरी उठली. तिचंही बालपण निसर्गाच्या सान्निध्यात. प्रवास, वाचन, संगीत. क्रम तेवढा वेगळा. तिसऱ्याने बराच विचार करून, आपल्याला प्रवासात संगीत ऐकत वाचायला आवडतं, असं सांगितलं. आत्याने शहरभर शिकवण्या घेतल्यात की काय, असं पिठीला वाटलं.

साहेबांनी जांभई दाबली. “हं, आता तुम्ही. काही वेगळं असेल तर बघा बाई. नसेल तर राहू दे.”

पिठी उभी राहिली. नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. “माझं बालपण,” ती म्हणाली, “निसर्गाच्या...” आणि थांबली.

“सान्निध्यात,” हिशेबनीस बाईंनी बसल्या जागेवरून शब्द पुरवला. सगळे हसले.

“नाही,” पिठी म्हणाली. “निसर्ग बाहेर होता. मी गिरणीत होते.”

“कसली गिरणी?” साहेबांनी विचारलं.

“पिठाची. आमच्या बाबांची आहे.” आणि एकदा गिरणीचं नाव निघाल्यावर पिठी सुटली. “ती सुरू झाली की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. त्यामुळे आमच्या बाबांना हळू बोलताच येत नाही. घरीसुद्धा ते ‘मीठ दे गं’ असं ओरडतात आणि शेजारच्या काकू मीठ घेऊन येतात.”

साहेबांची जांभई अर्ध्यावरच विरली.

“दळण घेऊन बायका यायच्या,” पिठी सांगत होती, “डबे रांगेत ठेवायच्या आणि गप्पा मारत बसायच्या. ऐकू कुणालाच काही यायचं नाही. पण एकमेकींच्या ओठांकडे बघून सगळ्यांना सगळं कळायचं. मी वजनकाट्याशेजारी बसून बघायचे. कुणाच्या जावेने काय म्हटलं, कुणाची शेळी कुणाच्या परसात घुसली. बघून बघून इतकी सवय झाली, की आता रस्त्याच्या पलीकडे दोघं बोलत असले तरी मला समजतं. तेव्हा छंद म्हणाल तर हाच. लांबची माणसं काय बोलतात ते बघत बसायचं.” तिने क्षणभर विचार केला. “दोन बोटं घालून शिट्टीही येते मला. पण ती आत्याने सांगू नको म्हटलंय.”

खोलीत हशा पिकला. साहेब खुर्चीत पुढे सरकून बसले होते. “म्हणजे आवाज नसला तरी? काचेपलीकडचंसुद्धा?”

“ओठ दिसले की झालं.”

“अशक्य! बरं, ते बघा. समोरच्या खोलीत आमचे विक्रीप्रमुख आहेत. गिऱ्हाइकाचा महत्त्वाचा फोन आला म्हणून मीटिंगला आले नाहीत. सांगा बघू काय बोलतायत.”

गावात पोरं तिला हाच खेळ करायला लावायची. लांब पारावर बसलेली म्हातारी माणसं काय बोलतायत ते तिने त्यांच्याच आवाजात सांगायचं आणि पोरांनी लोळून हसायचं. त्यात कौतुकाने ती फुलली होती. तिने काचेपलीकडे नजर लावली आणि विक्रीप्रमुखांच्याच ठेक्यात बोलायला सुरुवात केली.

“‘अगं, साहेबांना मी दाढ काढायला जातोय म्हणून सांगितलंय. छे, छे, संशय कसला? त्यांना काय कळतंय! तुझ्या आईला तयार राहायला सांग. सर्कशीची तिकिटं पुढच्या रांगेची आहेत. बाकडं अगदी जवळून...’ बाकडं की माकडं? दोन्हीला ओठ सारखेच मिटतात. हां, ‘उड्या मारतात’ म्हणाले, म्हणजे माकडंच.”

तिने हसऱ्या चेहऱ्याने मागे वळून पाहिलं. हसत कुणीच नव्हतं. साहेबांचे कान लाल झाले होते.

तेवढ्यात विक्रीप्रमुखांचं लक्ष गेलं. सगळी मीटिंग आपल्याकडेच बघतेय असं दिसल्यावर त्यांनी आधी हात हलवला आणि मग काहीतरी आठवल्यासारखं गाल धरून तोंड वेडंवाकडं केलं.

“‘त्यांना काय कळतंय’ असं म्हणाला?” साहेबांनी सावकाश विचारलं.

पिठीने घाईने काचेकडे पाठ केली. “मला नीट दिसलं नाही,” ती पुटपुटली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दुपारपासून ऑफिसचा रंगच पालटला. हिशेबनीस बाई तोंडासमोर फाइल धरून बोलायला लागल्या. चहासुद्धा त्या फाइलीच्या आड प्यायच्या, त्यामुळे दोन दिवसांत फाइलीला आतून चहाचे डाग पडले. विक्रीप्रमुखांनी मिशी वाढवायला घेतली. ती ओठांवर उतरेपर्यंत गाल आणि ओठ हाताने झाकून बोलायचं त्यांनी ठरवलं, आणि जे ते गिऱ्हाईक त्यांना दाढेवर औषध सुचवू लागला. साहेबांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. भेटायला येणाऱ्याला आता त्यांच्या टकलाशी बोलावं लागायचं.

कारखान्याचे मोजमापवाले दोघं तर एकमेकांकडे पाठ करून उभे राहून बोलायचे. त्या गडबडीत एका इमारतीच्या न्हाणीघरांना धुरकट काचेऐवजी पारदर्शक काच गेली. तिथल्या रहिवाशांचे फोन पिठीनेच घेतले. फोनवर माणसं दिसत नसली तरी ती काय म्हणत होती ते सगळ्या ऑफिसला ऐकू आलं.

शेवटी कुणीतरी रद्दी आणली आणि खोल्यांच्या काचांवर वर्तमानपत्रं चिकटवली. लख्ख काचेची कंपनी ती, रंगकाम अर्धवट टाकून गडी पळून गेलेल्या घरासारखी दिसायला लागली. साहेब ते बघून चरफडले आणि मग त्यांनी आपल्या खोलीसाठीही थोडी वर्तमानपत्रं मागून घेतली.

पिठीशी कुणी भांडलं नाही, कुणी टाकून बोललं नाही. पण तिच्याकडे तोंड करून कुणी बोलेना. चहा आणून देणारेसुद्धा जमिनीकडे बघून “साखर कमी आहे” असं सांगायचे. दळणाच्या रांगेतल्या चेहऱ्यांमध्ये वाढलेली ती मुलगी. तिच्यासमोर आता दिवसभर नुसत्या पाठी होत्या. जेवणाच्या सुट्टीत ती टेबलावर एकटीच डबा उघडायची आणि चावताना आपला आवाज आपल्यालाच ऐकू येतोय, याचं तिला नवल वाटायचं.

घरी आत्याने पहिल्याच दिवशी सगळं काढून घेतलं होतं.

“गिरणी सांगितलीस?”

“सांगितली.”

“आणि छंद?”

पिठीने तेही सांगितलं. आत्या कपाळाला हात लावून बसली. मग तिला मैत्रिणीचा फोन आला, तेव्हा ती पिठीकडे एक तिरपी नजर टाकून स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून बोलली.

आठवड्याच्या शेवटी पिठीने बाबांना व्हिडिओ कॉल लावला. गिरणीपायी बाबांचे कान कधीच गेले होते, त्यामुळे साध्या फोनचा उपयोग नसे. पण पडद्यावर तोंड दिसलं की दोघांचं झकास जमायचं. मागे गिरणी धडधडत असायची, म्हणून पिठी आवाज बंद करून टाकायची आणि बापलेक नुसते ओठ हलवून तासभर बोलायची. आत्या शेजारी बसून विणकाम करायची आणि ‘मला काय त्यातलं कळतंय’ असा चेहरा ठेवायची. लग्नानंतर आपण ते सगळं विसरलो, असं तिने कितीदा तरी सांगितलं होतं.

“आत्या कशी आहे?” बाबांनी आवाजाशिवाय विचारलं. “अजून नाक वर करूनच चालते का?”

“नाक वर करून म्हणजे काय रे दादा?” आत्या कडाडली.

मग तिच्या लक्षात आलं. सुया थांबल्या. पिठीने हळूच मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पडद्यावर बाबा गुडघ्यावर थाप मारून हसत होते.

“म्हणजे तुला सगळं कळतं?” पिठी म्हणाली. “मी इतके दिवस बाबांना तुझ्या आमटीबद्दल...”

“तेही कळलं,” आत्या म्हणाली. “सरक जरा. मलाही बोलू दे.”

मग तिघांचं बोलणं झालं. पिठीने ऑफिसातला सगळा प्रकार सांगितला. बाबा एरवी बोलणाऱ्याला मध्येच तोडायचे, पण आज त्यांनी शेवटपर्यंत बघून घेतलं.

“तू गिरणीत बसून सगळ्यांचं बघायचीस, हे गावाला माहीत नव्हतं का?” त्यांनी विचारलं.

“माहीत होतं.”

“मग कुणी तोंड झाकलं?”

“नाही.”

“पोस्टमनच्या बायकोने तर तुला गोळ्या देऊन विचारलं होतं, शेजारीण माझ्याबद्दल काय म्हणाली म्हणून.”

“गोळ्या खाल्ल्या मी. पण सांगितलं नव्हतं.”

“मग इथे का सांगितलंस? इथे तर गोळीही नाही मिळाली.”

पिठीने आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, “कौतुक झालं ना, म्हणून. मलाही असंच व्हायचं. लग्नात सासरच्यांसमोर मीही हाच खेळ करून दाखवला होता. तेव्हापासून सासूबाई माझ्यासमोर बोलल्याच नाहीत.” ती पुन्हा विणायला लागली. “एका अर्थी बरंच झालं म्हणा.”

दुसऱ्या दिवशी पिठी विक्रीप्रमुखांच्या खोलीत गेली. मिशी आता कोवळ्या गवताएवढी झाली होती. त्यांनी तिला बघून गालावर हात नेला.

“हात राहू द्या, मी खाली बघते,” पिठी म्हणाली आणि खरंच फरशीकडे बघून बोलू लागली. “माझं चुकलं. तुमचं बोलणं तुमचं होतं. मी ते चारचौघांत बोलायला नको होतं.”

“सासूबाईंना सर्कस बघायची होती हो,” विक्रीप्रमुख म्हणाले. “लहानपणी राहून गेली म्हणाल्या. आता माझ्या वयाच्या माणसाने सर्कशीला जायचंय म्हणून सुट्टी कशी मागायची? मग काढली दाढ.”

“आवडली त्यांना?”

“कुठली! गेलोच नाही. साहेब म्हणाले, आधी काढलेली दाढ आणून दाखवा.” ते सुस्कारले. “तुम्ही माफी मागितलीत, चांगलं केलंत. पण खरं सांगू? मी आता घरी बायकोशीसुद्धा हात धरून बोलतो. म्हणजे तोंडावर हात धरून. तिचा गैरसमज व्हायला लागलाय.”

म्हणजे माफी मिळाली, पण हात काही खाली आला नाही.

मग एक दिवस मोठं गिऱ्हाईक आलं. शहराबाहेर हॉटेल बांधणारे दोघे भाऊ. शेकडो खिडक्यांचं काम होतं. सकाळी लवकर येऊन साहेबांनी स्वतः उभं राहून काचांवरची वर्तमानपत्रं खरवडून घेतली. सगळ्यांना ताकीद दिली, “आज कुणी फायली-बियली तोंडासमोर धरायच्या नाहीत. बोलायचं असेल तर बोलूच नका.”

भाऊ आले. मोठा चांगला धिप्पाड, कडक इस्त्रीच्या कपड्यांतला. धाकटा सडपातळ, हसरा. साहेबांनी दोघांना काचेच्या खोलीत उभं केलं, बाहेर येऊन टाळ्या वाजवल्या, आत जाऊन विचारलं, “काही ऐकू आलं?” दोघेही खूश झाले. साहेब म्हणाले, “आता आपण कारखाना बघू.” मोठा भाऊ म्हणाला, “जरा बसतो,” आणि तिथल्या बुटक्या, फॅशनच्या खुर्चीत धपकन बसला. बसल्याबरोबर त्याचा चेहरा बदलला.

“साहेब, आम्ही भाऊ भाऊ जरा बोलून घेतो,” तो म्हणाला.

साहेब आणि विक्रीप्रमुख बाहेर आले. दार लागलं. पिठीचं टेबल बरोबर समोर. तिने ठरवून पाठ फिरवली आणि नसलेले कागद आवरायला घेतले. वळून बघायचंच नाही, असं तिने मनाशी घोकलं. पण समोरच्या कपाटाच्या काचेतच तिला दिसलं की धाकटा भाऊ टेबलावर डोकं ठेवून खांदे गदगदवतोय. रडतोय की काय, म्हणून ती वळली.

रडत नव्हता. हसत होता.

“दात काढू नकोस,” मोठा म्हणत होता. “मागून पार उसवलीय. हात घालून बघितलं, हात आरपार जातोय.”

“दादा, मी म्हटलं होतं ही विजार तुला होत नाही आता.”

“ते नंतर म्हण. आता उठू कसा? चहूबाजूंनी काच! उठलो की सगळ्या ऑफिसला दर्शन. आणि तो माणूस आता कारखान्यात फिरवणार.”

“माझा शर्ट कमरेला बांध.”

“आणि तू उघडा फिरणार? हॉटेल बांधणारे म्हणून आलोय आपण!”

पिठीने झटकन नजर वळवली. तोवर साहेब तिच्या टेबलाशी येऊन वाकले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे तोंड केलं होतं.

“आपण काही चोरून ऐकणारी माणसं नाही,” ते कुजबुजले. “पण तुमचं सहज लक्ष गेलंच असेल, तर... कितीपर्यंत यायला तयार आहेत ते?”

“किमतीचं काही बोलत नाहीयेत, साहेब.”

“मग काय बोलतायत?”

“घरगुती आहे.”

“घरगुती?” साहेबांचा रंग उडाला. “दोघे भाऊ कामाच्या मधेच घरगुती बोलायला लागले? म्हणजे वाटण्या! धंदा फुटला यांचा!” त्यांनी विक्रीप्रमुखांना खूण केली. “जा, भाव थोडा खाली आणून बघा.”

विक्रीप्रमुख आत गेले. मोठा भाऊ खुर्चीत अधिकच घट्ट बसला आणि म्हणाला, “आम्हाला अजून थोडा वेळ द्या.” विक्रीप्रमुख बाहेर आले. “हलत नाहीत साहेब. फार चिवट आहेत.”

“आणखी खाली आणा.”

ते पुन्हा गेले. मोठ्या भावाच्या कपाळावर घाम आला होता. “विचार करतोय,” तो म्हणाला. विक्रीप्रमुख परत. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. आयुष्यात इतकं पक्कं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. नुसतं बसून राहून भाव पाडत होतं.

“अगं, सांग ना!” साहेब अहो-जाहो विसरले. “एवढं एकच सांग. मी कुणाला सांगणार नाही.”

पिठी उठली आणि न बोलता मागे गेली. कारखान्याच्या दाराशी खुंट्यांवर कामगारांचे निळे, पोटरीपर्यंत येणारे कोट टांगलेले असत. तिने हाताला लागतील तेवढे उचलले. पहिला साहेबांच्या हातात दिला.

“कारखान्यात जाताना कोट घालायचा असतो, साहेब.”

“कधीपासून?”

“दारावर पाटी आहे.”

पाटी खरंच होती. कंपनी सुरू झाल्यापासून होती आणि कुणीही ती वाचली नव्हती. साहेबांनी गोंधळून कोट चढवला. विक्रीप्रमुखांनीही चढवला. पिठी दार ढकलून आत गेली, धाकट्याला एक कोट दिला आणि सगळ्यांत मोठा कोट मोठ्या भावाच्या खुर्चीमागे पडद्यासारखा पसरून धरला.

“बसल्या बसल्याच हात घाला,” ती म्हणाली. “उठायची घाई नाही.”

मोठ्या भावाने वर बघितलं. पिठीच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. त्याने एक हात घातला, दुसरा घातला, उठता उठता कोट खाली सोडला आणि सगळी बटणं लावली. त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याने कारखाना असा बघितला, की दाखवणारे थकले. प्रत्येक यंत्रापाशी थांबला, वाकून बघितलं, प्रश्न विचारले. जाताना तो तसाच कोटासकट गाडीत बसला.

“अहो, कोट!” विक्रीप्रमुख मागे धावणार होते.

“राहू द्या,” पिठी म्हणाली.

काम मिळालं. भाव मात्र साहेबांनी खाली आणला होता तिथेच ठरला. “आम्ही कुठे काय मागितलं होतं?” धाकटा भाऊ नंतर भाबडेपणाने म्हणाला. “तुम्हीच देत गेलात.”

त्या संध्याकाळी साहेबांनी पिठीला आपल्या खोलीत बोलावलं.

“आता तरी सांग. काय बोलत होते?”

“घरगुती, साहेब.”

“मी या कंपनीचा मालक आहे.”

“हो, साहेब.”

“मग मला सांगायला काय हरकत आहे?”

“त्यांची असेल ना.”

साहेबांनी रागावून बघितलं, गोडीने बघितलं, चहा मागवला. पिठीने चहा घेतला आणि ‘नाही’ म्हणून मान हलवली. शेवटी साहेब स्वतःशीच म्हणाले, “म्हणजे त्या दाढेच्या दिवशी मी विचारायलाच नको होतं,” आणि खिडकीबाहेर बघत बसले.

बाहेर सगळं ऑफिस कामाचं सोंग करून आत बघत होतं. काच सकाळीच स्वच्छ झालेली. आवाज अर्थातच काही येत नव्हता.

“काय म्हणाली?” हिशेबनीस बाईंनी विचारलं.

“‘नाही’ म्हणाली,” विक्रीप्रमुख काचेला नाक लावून म्हणाले. “परत ‘नाही’ म्हणाली. साहेबांनासुद्धा सांगत नाहीये!”

दुसऱ्या दिवशी रद्दी कुणी आणली नाही. दुपारी पिठी एकटीच डबा उघडत होती, तर समोरची खुर्ची ओढून हिशेबनीस बाई येऊन बसल्या. हातात फाइल नव्हती. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि पिठीच्या पुढ्यात तोंड आणून म्हणाल्या, “हे बघ, तुला म्हणून सांगते. तू काही बोलणार नाहीस, म्हणून सांगते. माझी नणंद आहे ना, मधली...”

मधली नणंद चांगलीच लांबली. मग थोरली निघाली. सुट्टी संपली, पुढच्या टेबलावरचा फोन वाजायला लागला आणि बाईंच्या मागे विक्रीप्रमुख आपली खुर्ची घेऊन पाळीची वाट बघत उभे राहिले.

“बाई, फोन,” पिठी म्हणाली.

“वाजू दे गं,” बाई म्हणाल्या. “पुढे तर ऐक.”